पाहुण्याला आधी पाणी
देवबागला कर्ली खाडीत कयाक वल्हवून भर दुपारी सिंधुदुर्ग किल्ला फिरलेल्या एका पाहुण्याला परवा घेरी आली. सकाळपासून पोटात फक्त चहा! आपल्या दमट हवेत घाम वाळत नाही, म्हणून अंग निवत नाही. १६६४ साली पायाभरणी झालेल्या या किल्ल्यात, भर समुद्रात, दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. दोष मी पाहुण्याला नाही, आपल्यालाच देतो. सुरमईचा आग्रह करणारे आपण पाण्याचा का करत नाही? लिटरभर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालून बाटली सोबत द्या. कोणी असंबद्ध बोलू लागला तर मात्र काही पाजू नका. सावलीत अंग ओले करून वारा घाला आणि तातडीने रुग्णालय गाठा.