खळ बरी कीं बाटलींतला डिंक?

माझ्या आईनें लहानपणीं काढलेलें एक चित्र आमच्या घरीं आहे. तें फाटलें तेव्हां कोणीं त्यास पारदर्शक चिकटपट्टी लाविली. पट्टी कधींच गळून पडली. तिचा पिवळा डाग मात्र कागदांत मुरून राहिला. हातकागदाचीं शुभेच्छापत्रें करणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांनीं तें चित्र एकदां पाहावें.

बाटलींतला पांढरा डिंक लवकर धरतो, हें खरें. परंतु एकदां वाळला कीं सहसा सुटत नाहीं. गव्हाच्या सत्त्वाची खळ ओली केली म्हणजे सुटते आणि चूक सुधारतां येते. एक भाग सत्त्व पांच भाग पाण्यांत कालवून मंद आंचेवर सतत ढवळीत शिजवावें व निवल्यावर फडक्यांतून गाळावें. खळ लवकर आंबते, म्हणून थोडीच करावी. कीड टाळण्यासाठीं बुकबाइंडर तींत मोरचूद घालीत. पण तें विष आहे, आणि तांब्याचा अंश कागदासही बाधतो.

वर लाखेचें रोगण देण्याची हौस तर मला मुळींच पसंत नाहीं. लाख कालांतरानें काळवंडते, शिवाय हातकागदाचा खरबरीत स्पर्शच हरपतो. वस्तु चकचकीत नाहीं म्हणून पालकांनीं नाक मुरडूं नये. ऊन, ओल व धूळ यांपासून राखावयास झांकणाची पेटी पुरे.