पुळणीवरचे घोडे आणि फेरीचा हिशेब

दिवाळीची सुटी, नाताळचा आठवडा आणि मे महिना ह्या तीन हंगामांत अलिबाग, नागाव, काशीद, मुरूड ह्या रायगड जिल्ह्यातील किनाऱ्यांवर घोड्यावरची फेरी हा सहलीचा जवळजवळ अनिवार्य भाग होऊन बसला आहे. मुलाला घोड्यावर बसवायचे, घोडेवाल्याने लगाम धरून पाण्याच्या कडेकडेने त्याला फिरवून आणायचे, आणि वडिलांनी मोबाइलवर छायाचित्र काढायचे, इतका हा साधा व्यवहार. ह्यात कोणाचे काय बिघडते, असा प्रश्न कोणीही विचारील. प्राणिप्रेमी मंडळी त्याचे उत्तर एका शब्दात देतात : बंदी. घोडेवाल्यांचे उत्तरही एकाच शब्दाचे असते : पोट. ह्या दोन शब्दांच्या मध्ये जो विस्तीर्ण प्रदेश आहे त्यात फारसे कोणी शिरत नाही. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने मात्र तेथेच शिरले पाहिजे. कारण घोड्याचे हाल होतात ते बहुतांशी माणसाच्या क्रौर्यामुळे नव्हे, तर फेरीची किंमत ज्या पद्धतीने ठरते त्या पद्धतीमुळे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

प्रथम कायदा काय म्हणतो ते पाहू, कारण कायदाच नाही असा पुष्कळांचा समज असतो. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० सालचा आहे आणि ओझ्याच्या व गाडीच्या जनावरांसंबंधीचे नियम १९६५ सालचे आहेत. त्या नियमांत प्रत्येक जनावराच्या पाठीवर किती ओझे लादावे ह्याचे आकडे दिले आहेत. खेचराला २०० किलो, गाढवाला ५० किलो, आणि तट्टाला ७० किलो. जनावराला दिवसात एकूण नऊ तासांपेक्षा अधिक राबवू नये, विश्रांतीवाचून सलग पाच तासांपेक्षा अधिक नाही, आणि जेथे तपमान ३७ अंशांपलीकडे जाते तेथे दुपारी बारा ते तीन ह्या वेळात मुळीच नाही, असेही त्यांत नमूद आहे. काटेरी लगामाला मनाई आहे. जनावराच्या गाडीत हाकणारा आणि सहा वर्षांखालील मुले सोडून चारांपेक्षा अधिक माणसे बसवू नयेत, हाही नियमच आहे.

ह्यांतील ७० किलोंचा आकडा वाचकांनी क्षणभर मनात ठेवावा. माल आणि स्वार ह्यांत कायदेपंडित भेद करतील, तो त्यांनी खुशाल करावा. तट्टाच्या पाठीला तो कळत नाही. घोड्याने आपल्या वजनाच्या सुमारे एक पंचमांश इतकाच भार वाहावा, असा पशुवैद्यक आणि जाणकार स्वार ह्यांच्यात सर्वसाधारण संकेत आहे. साडेतीनशे किलोंच्या तट्टाच्या बाबतीत हा हिशेब बरोबर ७० किलोंवर येतो, आणि त्यात खोगीर व रिकिबीही धरावयाच्या असतात. आपल्याकडील किनाऱ्यांवर दिसणारी कित्येक तट्टे ह्याहून लहान चणीची असतात. आणि त्यांच्यावर बसणारे आपण? कचेरीत खुर्चीवर वीस वर्षे काढलेला मध्यमवर्गीय गृहस्थ सत्तरच्या आत असेल तर त्याचे अभिनंदनच करावयास हवे. पुष्कळदा तो पुढ्यात मूलही घेतो.

हे सर्व मोडले तर शिक्षा काय? १९६० च्या कायद्यात पहिल्या गुन्ह्याला कमीत कमी दहा आणि जास्तीत जास्त पन्नास रुपये दंड आहे. तीन वर्षांच्या आत दुसरा गुन्हा झाला तर पंचवीस ते शंभर रुपये दंड, किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. १९६० साली पन्नास रुपये ही रक्कम एखाद्या कनिष्ठ कारकुनाला जाणवण्याजोगी होती. आज एका फेरीच्या कमाईतून तो दंड भागतो. दंड रुपयांत लिहून ठेवायचा आणि चलनवाढीला तो खाऊ द्यायचा, ही आपल्या कायद्यांची जुनी खोड आहे. गुन्ह्याची किंमत कायद्यानेच इतकी स्वस्त केल्यावर गुन्हा महाग पडावा अशी अपेक्षा कशाच्या आधारावर करायची?

आता प्रत्यक्ष व्यवहाराकडे वळू. भाडे ठरते ते फेरीवर, वेळेवर नव्हे. साहजिकच जितक्या झटपट फेरी संपेल तितकी पुढची फेरी लवकर मिळेल. घोडा सावकाश चालविण्यात घोडेवाल्याचे नुकसान आहे आणि दौडविण्यात फायदा आहे. गिऱ्हाइकालाही दौडच हवी असते, त्यामुळे दोघांचे हित जमते आणि तिसऱ्याचे, म्हणजे घोड्याचे, बिघडते. बाजारातील सौद्यात ज्याला आवाज नाही त्याच्या पदरी खर्च टाकणे ह्याला आम्ही बाह्य परिणाम म्हणतो. गिरणीचा धूर शेजाऱ्याच्या छातीत जातो तसे हे आहे. फरक एवढाच की शेजारी निदान अर्ज करू शकतो.

दुसरी गोष्ट मालकीची. घोडा हाकणारा आणि घोड्याचा मालक पुष्कळ ठिकाणी एकच नसतात. मालक दिवसाचा ठराविक मक्ता घेतो आणि त्यावर जे सुटेल ते हाकणाऱ्याचे. शेतीतील खंड आणि बटई ह्यांतील भेद ज्यांनी अभ्यासला आहे त्यांना पुढचे सांगावयास नको. ठराविक रक्कम भरून थोड्या मुदतीसाठी घेतलेल्या जमिनीतून कुळाने शक्य तितके काढून घ्यावे आणि कसाची काळजी करू नये, हे जसे घडते, तसेच येथे घडते. मक्ता वसूल होईपर्यंत हाकणारा स्वतःसाठी राबतच नसतो. त्याची मिळकत सुरू होते ती घोडा दमल्यानंतर. हा माणूस दुष्ट असतो असे नाही. त्याच घोड्याच्या मानेवर थाप मारीत दुपारी तो आपल्या डब्यातली भाकरी त्याला देताना दिसेल. पण कराराचा रेटा दयेपेक्षा बलवत्तर असतो.

आणि ह्या सर्वांवर समुद्राचे वेळापत्रक. शहरातून येणाऱ्यांना पुळण म्हणजे सगळी सारखीच वाटते. परंतु घोड्याच्या दृष्टीने कोरडी भुसभुशीत वाळू आणि ओहोटीने उघडी पडलेली ओली, घट्ट वाळू ह्यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. कोरड्या वाळूत पाय रुततो आणि पायाच्या मागील शिरांवर ताण येतो. ओल्या वाळूवर तो सुखाने चालतो. म्हणजे काम करण्याची वेळ ओहोटीची. कोकणातल्या कोळ्यांना आणि घोडेवाल्यांनाही तिथीवरून हे गणित तोंडपाठ असते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला ह्या किनाऱ्यावर भरती साधारण दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या सुमाराला येते, तेव्हा ओहोटी सकाळ-संध्याकाळची मिळते आणि सगळे यथास्थित चालते. पुढे वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी सरकत जाते, आणि अष्टमीच्या आसपास, भांगाच्या दिवसांत, ओहोटी येते ती ऐन दुपारी. ह्या दिवसांत घट्ट वाळू हवी तर डोक्यावर ऊन घ्यावे लागते आणि ऊन टाळावे तर संध्याकाळी किनाऱ्याच्या वरच्या अंगाची भुसभुशीत वाळू तुडवावी लागते. अष्टमी जर मे महिन्यातील रविवारी आली तर बारा ते तीनचा नियम कोणाच्या लक्षात राहणार? अलिबागला कुलाबा किल्ल्यात ओहोटीच्या वेळी घोडागाडीने जाता येते. तेथे तर हा प्रश्न आणखी सरळ आहे, कारण ओहोटी असेल तेव्हाच गाडी जाणार आणि भरतीपूर्वी परतणार. थोड्या तासांत दिवसाची कमाई करावयाची असल्यावर गाडीत किती माणसे बसतात हे मोजण्यास कोण थांबतो!

इतके असूनही बंदीचा मार्ग मला पटत नाही, आणि त्याचे कारण मुंबईत घडून गेले आहे. मुंबईतील व्हिक्टोरिया गाड्या केवळ करमणुकीसाठी चालविणे बेकायदा आहे, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने ८ जून २०१५ रोजी दिला आणि त्या एका वर्षात बंद कराव्यात असे सांगितले. त्याच्या आदल्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने जल्लीकट्टूच्या प्रकरणात प्राण्यांची पाच स्वातंत्र्ये, म्हणजे भूक-तहान, अस्वस्थता, दुखणे व इजा, भीती ह्यांपासून मुक्तता आणि आपल्या स्वभावाप्रमाणे वागण्याची मोकळीक, मान्य केली होती. निर्णयामागचे तत्त्व निर्विवाद आहे. विनापरवाना, कोंदट तबेल्यांचे समर्थन कोण करील? गाडीवाल्यांच्या पुनर्वसनाची योजना आखण्यासही न्यायालयाने सरकारला बजावले होते. पुढे विजेवर चालणाऱ्या व्हिक्टोरिया रस्त्यावर आल्या त्या २०२१ साली. निर्णय आणि पर्याय ह्यांत जवळजवळ सहा वर्षे गेली. ह्याला वरातीमागून घोडे म्हणायचे, तर येथे घोडेही उरले नव्हते.

शिवाय बंदीनंतर घोड्याचे काय होते ह्याचा विचार बंदी मागणाऱ्यांनी एकदा शांतपणे करावा. ज्या जनावराला दररोज वीस-तीस लिटर पाणी, कडबा आणि चंदी लागते, ते जनावर मिळकत थांबल्याच्या दुसऱ्या दिवशी मालकाच्या दृष्टीने निव्वळ खर्च ठरते. देशातील घोडे व तट्टे २०१२ च्या पशुगणनेत सव्वासहा लाखांच्या घरात होती. २०१९ च्या गणनेत ती ३ लाख ४० हजारांवर आली. ह्या घटीची कारणे अनेक आहेत, प्रामुख्याने वाहतुकीतून घोड्याचा उठलेला वापर. पण आकड्याचा अर्थ असा की घोड्याला काम उरले नाही म्हणजे घोडा सुखात चरत राहत नाही. तो नाहीसा होतो.

नियमनाला पर्याय नाही. मात्र ते कागदी नसावे. माथेरानचे उदाहरण ह्या दृष्टीने बोलके आहे. तेथे मोटारींना बंदी असल्याने घोडा ही चैन नसून बराच काळ सोयच होती, आणि घोड्यांना परवाने आहेत. तरीही मार्च २०२५ मध्ये पर्यटकांची प्रवेशद्वाराशी दिशाभूल आणि फसवणूक होते म्हणून खुद्द माथेरानकरांनीच बेमुदत बंद पुकारला. गावावर अवलंबून असलेल्या धंद्याविरुद्ध गावच उठते ह्याचा अर्थ नीट घ्यावा. सरळ भाव सांगणारा आणि घोडा जपणारा माणूस व अडवून पैसे काढणारा माणूस ह्यांतला फरक नवख्या पर्यटकाला दिसत नाही. मग खोटे नाणे खऱ्याला चलनातून हुसकावते, तसा वाईट घोडेवाला चांगल्याला धंद्यातून हुसकावतो. कारण चांगल्याचा चाऱ्याचा खर्च अधिक आणि भाव मात्र तोच. परवाना हा केवळ कर वसूल करण्याचा कागद राहिला तर ह्यावर तो काहीच करू शकत नाही.

किनाऱ्यावर काय करता येईल? भाडे फेरीऐवजी वेळेवर आकारावे, ही पहिली आणि सर्वांत स्वस्त सुधारणा. पंधरा मिनिटांचे इतके, असा फलक लागला की घोडा दौडविण्यातले हित संपते. टॅक्सीचा मीटर थांबलेल्या वेळाचेही पैसे धरतो तो ह्याचसाठी. किनाऱ्यावर एक वजनकाटा ठेवावा. हे ऐकून लोक हसतील हे मी जाणतो, आणि काट्यावर चढताना अनेक सभ्य स्त्रीपुरुषांची पंचाईत होईल हेही जाणतो. पण विमानतळावर पेटीचे वजन सर्वांदेखत होते तेव्हा कोणी लाजत नाही. घोड्यांची संख्या किनाऱ्याच्या लांबीप्रमाणे ठरवून द्यावी आणि प्रत्येकाच्या लगामाला ठळक क्रमांक असावा, म्हणजे तक्रार करणाऱ्याला ‘तो तांबडा घोडा’ असे सांगत बसावे लागणार नाही.

आरोग्याची तपासणी हा विषय तर केवळ घोड्याचाही नाही. ग्लँडर्स हा घोड्यांचा संसर्गजन्य रोग माणसालाही होऊ शकतो, आणि २००९ च्या पशुरोग नियंत्रण कायद्यानुसार तो कळविणे बंधनकारक आहे. रोगी घोडा ठार करावा लागतो. अशा वेळी भरपाई तत्परतेने आणि पुरेशी मिळेल ह्याची खात्री नसेल, तर मालक रोग लपवील, आणि त्या घोड्यावर आपली मुले बसतील. मुलांच्या शाळेची सहल किनाऱ्यावर नेणाऱ्या शिक्षकांनी पशुवैद्यकाचा दाखला पाहावयास मागितला तर त्यात संकोच वाटण्याचे काहीच कारण नाही.

सर्वांत अवघड प्रश्न पावसाळ्याचा आहे, आणि तोच सर्वांत कमी चर्चिला जातो. जून ते सप्टेंबर किनारा ओस असतो. धंदा वर्षातून फार तर आठ महिन्यांचा, त्यातही शनिवार-रविवारचा. घोड्याचे पोट मात्र ३६५ दिवसांचे. हंगामात घोड्याकडून दुप्पट काम करून घेण्यामागे हीच भीती असते. साखर कारखाने ऊस उत्पादकाच्या बिलातून ठेवी कापून घेत आले आहेत. तशी प्रत्येक फेरीमागे थोडी रक्कम कापून ती घोडेवाल्यांच्या सहकारी संस्थेकडे जमा करता येईल, आणि जूनच्या आधी तिच्यातून कडबा व हरभरा घाऊक भावाने खरेदी करून वाटता येईल. रोख रक्कम वाटू नये, चाराच वाटावा. रोख रक्कम घरातल्या आजारपणाला किंवा लग्नाला जाते, आणि तिने तसे जाण्यात गैरही काही नाही. पर्यटकाला ह्यासाठी फेरीमागे थोडे अधिक पडेल. एका वडापावाच्या किमतीइतका हा भार असला तरी त्यातून एका किनाऱ्यावरच्या तट्टांची चार महिन्यांची तजवीज बऱ्याच अंशी व्हावी. ज्या ग्रामपंचायती आज पर्यटकांच्या गाड्या उभ्या करण्याचे पैसे घेतात, त्यांना हीही पावती फाडणे जड जाऊ नये. येत्या हंगामापूर्वीच्या ग्रामसभेत एखाद्या तरी किनाऱ्याने हा विषय घ्यावा, आणि घोडेवाल्यांना त्या सभेला बोलावून घ्यावे.