दिल्लीच्या बाजारातला चाकवत

दिल्ली, नोएडा, गुरुग्राम, फरिदाबाद या भागात नव्याने राहायला आलेल्या मराठी कुटुंबाची पहिली तक्रार ठरलेली असते : ‘इथे आपल्या भाज्याच मिळत नाहीत हो!’ मग कोणी पुण्याला गेले की ज्वारीचे पीठ, काळा मसाला आणि मटकीच्या पिशव्या येतात. एरवीचे दिवस बटाटा, फ्लॉवर, मटार आणि पनीर यांवर निघतात. पोट भरते, पण आहार चौरस राहत नाही. वास्तविक आपल्या ताटाला जे लागते, त्यातले पुष्कळसे दिल्लीच्या आसपासच पिकते. फक्त त्याची नावे निराळी आहेत.

बथुआचेच पाहा. थंडी सुरू झाली की प्रत्येक हातगाडीवर त्याच्या जुड्या दिसू लागतात. कितीतरी मराठी गृहिणी ‘ही कुठली पंजाबी भाजी’ म्हणून पुढे जातात. अहो, हा तर आपला चाकवत! इकडे तो गव्हाच्या शेतात आपोआप उगवतो, म्हणून स्वस्तही असतो. दिल्लीकर त्याचे रायते करतात, पराठ्यात घालतात, सरसोंच्या सागात मिसळतात. आपण ताकातली पातळ भाजी करावी. शिजवून घोटलेला चाकवत, भिजवलेली हरभऱ्याची डाळ, मूठभर शेंगदाणे, ताकात कालवलेले थोडे डाळीचे पीठ आणि वरून लसणीची फोडणी. पालेभाजी, डाळ आणि दूधदुभते एकाच पातेल्यात आले. मात्र पालक आणि चाकवत यांतला चुना ऑक्झलेटमुळे शरीराला फारसा मिळत नाही. मुतखड्याचा त्रास असलेल्यांनी तर या दोन्ही भाज्या बेतानेच खाव्यात. चुन्यासाठी मोहरीचा पाला आणि मेथी अधिक चांगली. मोहरीचा उग्रपणा आवडत नसेल तर तो पाला मुगाच्या डाळीबरोबर शिजवावा.

मटकीचीही तीच कथा. तिला इथे ‘मोठ’ म्हणतात आणि देशात सर्वांत जास्त मटकी राजस्थानात पिकते. तेव्हा ती पुण्याहून दिल्लीला वाहून आणणे म्हणजे थोडा उलटाच प्रवास झाला! जानेवारीच्या कडाक्यात मोड यायला वेळ लागतो. कापडात बांधलेली मटकी कणकेच्या डब्यात खोचून ठेवली की काम होते. ज्वारी इकडे सहज मिळत नाही, पण बाजरी राजस्थान-हरियाणात भरपूर पिकते. तिचे पीठ लवकर कडू होते, म्हणून आठवड्याला पुरेल इतकेच दळून आणावे. धान्यात जे प्रथिन-घटक कमी पडतात ते कडधान्यातून मिळतात. बाजरीची भाकरी आणि मटकीची उसळ ही जोडी म्हणूनच शाकाहारी घरात महत्त्वाची. उसळीवर लिंबू पिळायला किंवा सोबत आवळा घ्यायला विसरू नका, त्यातल्या ‘क’ जीवनसत्त्वामुळे लोह शरीरात चांगले शोषले जाते. थंडीतली लाल गाजरे तर कोशिंबिरीसाठीच जन्मलेली आहेत. त्यांचा सगळा हलवाच झाला पाहिजे असे कोणी सांगितले?

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली आहारविषयक नव्या मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. दिवसाला २००० उष्मांक लागणाऱ्या माणसाच्या नमुना ताटात भाज्या ४०० ग्रॅम आहेत, धान्य फक्त २५० ग्रॅम. डाळी-कडधान्ये ८५ ग्रॅम, फळे १०० ग्रॅम, दूध ३०० मिलिलिटर. आपल्या घरी नेमके उलटे होते : पोळ्या किंवा भात पोटभर आणि भाजी तोंडी लावण्यापुरती. दूध किंवा दही मात्र वगळू नका. ‘ब-१२’ जीवनसत्त्व भाजीपाल्यातून मिळत नाही.

आता एक नाजूक गोष्ट. ‘स्थानिक आणि ताजे’ एवढ्यावर दिल्लीत डोळे मिटून विश्वास ठेवता येत नाही. वजिराबादच्या पुढे नजफगढ नाल्याचे सांडपाणी यमुनेत मिसळते आणि तिथून खाली नदीकाठच्या खादरात भाज्या पिकतात. जानेवारी २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने यमुना स्वच्छ होईपर्यंत तिच्या पूरक्षेत्रात खाद्य पिके घ्यायला मनाई केली. तरी तिथली शेती पूर्णपणे थांबली नाही. सांडपाण्यातले शिशासारखे जड धातू पालेभाज्यांत शिरतात आणि मग कितीही धुतले तरी निघत नाहीत. त्यांनी उगीच घाबरून पालेभाज्या सोडाव्यात असे नाही, आणि नदीकाठी राबणाऱ्या शेतकऱ्याला दोष देण्यातही अर्थ नाही. नदी काही त्याने घाण केलेली नाही. पण सोम बाजार, मंगल बाजारात गेल्यावर ‘भैया, माल कहाँ का है?’ हे विचारावे. माल सोनीपतकडचा किंवा दिल्लीच्या उत्तर टोकाच्या पल्ला गावचा आहे, असे भरवशाचा भाजीवाला सांगतो. नेहमीच्या गिऱ्हाइकाला सहसा खरेच सांगतो. शिवाय एकाच ठिकाणची एकच पालेभाजी रोज घेऊ नये. आठवड्यात बदल करत राहावे. आणि घरात ऊन येणारी गॅलरी असेल, तर मेथी आणि कोथिंबीर कुंडीतही सहज होते.

उन्हाळ्यात पालेभाज्या कमी होतात, तेव्हा घिया म्हणजे दुधी, टिंडा म्हणजे ढेमसे, चौलाई म्हणजे तांदुळजा आणि कुल्फा म्हणजे घोळ, एवढे पाठ असले की पुरे. ‘सीताफल’ मागितलेत तर भाजीवाला लाल भोपळा कापून देईल. आपले सीताफळ हवे असेल तर हिवाळ्याच्या तोंडाशी शरीफा मागा. मे महिन्यात गल्लीतून टोपलीवाला फालसे घेऊन ओरडत जातो. त्याला थांबवून पावभर घ्या, मीठ लावून मुलांना द्या. पाठोपाठ पावसाच्या सरी येतात आणि नवी दिल्लीच्या रस्त्यांवर जांभळांचा सडा पडू लागतो.