शेजारचा गलका

(द्वितीय वर्ष, कला)

खेडेगाव म्हणजे शांतता, असे शाळेच्या निबंधात आपण सर्वांनीच लिहिले आहे. ज्याने तो नमुना-निबंध प्रथम छापला, त्याला मी अवसरी बुद्रुकला आमच्या घरी चार दिवस मुक्कामाला बोलावू इच्छिते. चैत्रातच यावे. तेव्हा कांद्याची काढणी चालू असते.

आमच्या घराला लागून तीन खोल्यांचे एक घर आहे. मधली भिंत एकच आणि ती आढ्यापर्यंत पोचत नाही. वर हातभर मोकळे आहे. त्या वाटेने धूर येतो, मिरचीचा ठसका येतो आणि आवाज तर येतोच. घराचे मालक बाहेरगावी असतात. त्यांनी ते शेतमजुरांना राहायला दिले आहे, तेही माणशी भाड्याने. हंगामात तिथे वीस-बावीस माणसे असतात, पोरे वेगळी. पहाटे चारला भांडी वाजू लागतात, कारण पाचला पिकअप येते. पिकअपवाला उतरून हाक मारीत नाही, हॉर्न दाबून धरतो. संध्याकाळी माणसे परतली की एका मोरीवर नंबर लागतात, नंबरावरून भांडण होते, मग स्वयंपाक, मग कोणाच्या तरी मोबाईलवर गाणी, आणि रात्रभर एखादे तान्हे मूल. विद्यापीठाची परीक्षा याच दिवसांत येते. इतिहासाच्या सनावळ्या मी भाकरी थापण्याच्या तालावर पाठ केल्या आहेत.

तेव्हा त्रास होतो की नाही, हा वादाचा विषयच नाही. तो होतो. प्रश्न आहे तो तक्रार कोणाविरुद्ध करायची हा. आमच्या आळीने त्याचे उत्तर ठरवून टाकले आहे. ग्रामपंचायतीला द्यायचा एक अर्ज तयार झाला असून ‘सदर मजुरांना गावात राहण्यास मज्जाव करावा’ अशी त्यात मागणी आहे. अर्ज सहीसाठी आमच्याकडे आला तेव्हा वडिलांनी तो माझ्या हाती दिला. घरात कॉलेजपर्यंत पोचलेली मी पहिलीच, त्यामुळे वाचायचे कागद सगळे माझ्याकडे येतात. मी तो दोनदा वाचला. त्यात मजुरांचा उल्लेख पाच ठिकाणी आहे, घरमालकांचा एकदाही नाही.

ही माणसे इथे आली कशी? घोड नदीवर डिंभे धरण झाले, कालव्याचे पाणी आंबेगाव तालुक्याच्या पूर्व भागात आले आणि बाजरीच्या रानात ऊस, कांदा, बटाटा उभा राहिला. कांदा लावायला आणि काढायला हात लागतात. घरचे पुरत नाहीत. मग पश्चिमेच्या डोंगरी भागातून आदिवासी मजूर येऊ लागले. शेजारच्या टोळीतली दोन कुटुंबे तर त्याच खोऱ्यातली आहेत, जिथल्या जमिनी धरणाच्या पोटात गेल्या. त्यांच्या जमिनीवर साठलेल्या पाण्यावर आमचा कांदा पोसतो आणि तो काढायला तीच माणसे येतात. पूर्वी मजूर शेतातच कोपी घालून राहत. पण ऊस वाढला तसा उसातला बिबट्याही वाढला, हे जुन्नर-आंबेगावच्या वाचकाला सांगायला नको. आता लेकराबाळांना घेऊन रानात झोपायची कोणाची छाती होत नाही, शेतकऱ्यालाही ती जोखीम नको असते. मग गावातल्या एका घरात मावतील तितकी माणसे. समाजशास्त्राच्या पुस्तकात दाटीवाटी शहराच्या प्रकरणात येते. आमच्याकडे ती कालव्यातून आली.

आता आवाजाविषयी. आवाजा-आवाजांत फरक आहे आणि कायद्यानेही तो केलेला आहे. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहे. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाऊडस्पीकर वाजवायला बंदी आहे. भाषणस्वातंत्र्याच्या नावाखाली दुसऱ्यावर ऐकण्याची सक्ती करता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 18 जुलै 2005 च्या निकालात बजावले. हा सारा रोख हौसेच्या आवाजावर आहे. तान्ह्या मुलाने किती डेसिबलमध्ये रडावे, हे कोणी ठरविलेले नाही. आमच्या आळीचे नेमके उलटे आहे. गेल्या लग्नसराईत एका हळदीला डीजे रात्री साडेबारापर्यंत चालला. आमच्या फळीवरची भांडी खाली आली. त्याबद्दल अर्ज निघाला नाही. आजच्या अर्जावर सह्या करणाऱ्यांपैकी चौघे त्या रात्री पुढे नाचत होते.

आमचे आजोबा मुंबईला गिरणीत बदली कामगार होते. वरळीच्या बी.डी.डी. चाळीत, 160 चौरस फुटांच्या एका खोलीत, आमच्याच भागातले चौदा-पंधरा पुरुष राहत. एक पाळी कामावर गेली की दुसरी तिच्या जागी झोपे. संडास साऱ्या मजल्याला मिळून. आजोबा सांगतात, शेजारची मंडळी म्हणायची, ‘हे घाटी लोक फार गलका करतात बुवा.’ गलका होतच असणार! 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला, तो मिटेना म्हणून आजोबा गावी परतले. त्या चाळी 1920 च्या दशकातल्या. त्यांतल्या पहिल्या 556 कुटुंबांना 500 चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या त्या ऑगस्ट 2025 मध्ये. अर्जाबद्दल विचारले तर आजोबा म्हणतात, मला काही ऐकू येत नाही. त्यांचे कान अगदी ठणठणीत आहेत.

तर मग निमूटपणे सोसायचे काय? मला ते मान्य नाही. परीक्षा माझी आहे आणि नापास झाले तर वडील दुसऱ्यांदा फी भरतील की स्थळे बघतील, हे मला चांगले ठाऊक आहे. म्हणून मी मुकादमाशी बोलले. पिकअप आता पाराजवळ थांबते, हॉर्न बंद झाला. नऊनंतर गाणी बंद, हेही त्याने कबूल केले. चारपाच दिवसांनी पुन्हा आठवण द्यावी लागते, ती मी देते. त्या घरातल्या एका बाईंनी मात्र मला उलट विचारले, “ताई, पोरीला तुमच्या ओट्यावर अभ्यासाला बसू द्याल का? आमच्यात बसाया जागा नाही.” पोरगी पाचवीत आहे. तिच्या बाजूने मोजले तर गोंगाट आमच्या दुप्पट आहे, कारण तिला मधली भिंतसुद्धा नाही.

जे बोलून मिटण्यासारखे नाही, ते मालकांकडून करून घ्यायचे आहे. माणशी भाडे घेणाऱ्याने भिंत आढ्यापर्यंत चढवावी, दुसरी मोरी आणि दुसरा नळ द्यावा, तीन खोल्यांत किती माणसे ठेवायची याला काही धरबंद ठेवावा. हा खर्च काही आभाळाएवढा नाही. हंगामाच्या भाड्यातून भिंत तर सहज होईल. पण मालक आपल्या जातगोतातले, उद्या लग्नकार्यात भेटणारे. त्यांच्याविरुद्ध लिहायला हात आखडतो. मजुराविरुद्ध लिहायला काय जाते? तो सही करणाऱ्याच्या पंगतीला कधीच नसतो.

मी दुसरा अर्ज लिहिला आहे. त्यात मालकांचे नाव पहिल्या ओळीत आहे आणि मागण्या वर लिहिल्या त्याच आहेत. वडिलांनी सही केली, थोडा वेळ पेन हातात धरून. आजोबांनीही केली. आळीत सात घरे आहेत. आमचे धरून तीन घरांच्या सह्या झाल्या. उरलेल्या चौघांकडे रविवारी जायचे आहे.