आधी चेहरा वाचला जातो

डोंबिवलीहून सुटणाऱ्या सकाळच्या लोकलच्या महिला डब्यात पहिला प्रश्न असतो, "कुठे उतरणार?" जिला तो विचारला गेला, ती आपल्यातली झाली. समजा, एक पारलिंगी स्त्री पास काढून, खांद्याला ऑफिसची पर्स लावून त्याच डब्यात चढली. जबडा रुंद, पावडरीखालूनही दाढीची निळसर छटा दिसते. तिला हा प्रश्न कुणी विचारत नाही. कुणी नजर वळवते, कुणी तिने न मागताच दहाची नोट पुढे करते. तिचा पास कुणी पाहिलेला नसतो, चेहरा मात्र सगळ्यांनी पाहिलेला असतो.

म्हणून पारलिंगी व्यक्तींच्या चेहऱ्याच्या शस्त्रक्रियांना आरोग्य विम्याचे संरक्षण हवे, असे माझे मत आहे. विरोधी आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगे नाहीत, तेव्हा आधी ते पाहू.

पहिला आक्षेप: ही नटण्याची हौस आहे. विमा नियामकाने 2019 मध्ये ठरवून दिलेल्या अपवादांच्या यादीत लिंगबदलाचे उपचार आणि कॉस्मेटिक शस्त्रक्रिया लागोपाठ येतात. पण अपघात, भाजणे किंवा कॅन्सरनंतरची पुनर्रचना त्याच यादीने ग्राह्य धरली आहे. म्हणजे रूप पूर्ववत करणे हाही उपचार असू शकतो, हे विम्याला मान्यच आहे. इथे कारण वेगळे आहे, इतकेच. पुरुषी शरीर वयात येताना भुवयांवरचे हाड पुढे येते, जबडा भरतो, कंठमणी वाढतो. पुढे हार्मोन घेतल्याने त्वचा मऊ होते, पण हाड काही मागे सरत नाही. 1980 च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोत डग्लस औस्टरहाउट यांनी या शस्त्रक्रिया सुरू केल्या, त्या कवटी आणि चेहऱ्याच्या हाडांवरील कामाच्या अनुभवातून. आपला कायदाही चेहऱ्यापर्यंत पोचला आहे. पारलिंगींविषयीच्या 2019 च्या कायद्याच्या कलम 15 ने विम्याच्या तरतुदीत शस्त्रक्रिया आणि हार्मोनांच्या जोडीला लेझर उपचारांचे नाव घेतले. लेझर लागते ते मुख्यतः दाढीसाठी. दाढी चालते, तर जबड्यापाशी अडायचे कारण काय?

दुसरा आक्षेप पैशाचा. ऑगस्ट 2023 मध्ये कळव्याच्या पालिका रुग्णालयात 24 तासांत 18 रुग्ण दगावले. अशा शहरात हनुवटीवर खर्च? हा संताप रास्त आहे आणि तातडीचा रुग्ण आधी, हे मलाही मान्य. पण आयुष्मान भारत टीजी प्लस या सरकारी आरोग्य विमा योजनेत पारलिंगी व्यक्तीसाठी वर्षाला 5 लाखांची मर्यादा 2022 मध्येच जाहीर झाली. ती वाढवा, असे मी म्हणत नाही. त्या मर्यादेत आधी काय करायचे, ते रुग्ण आणि डॉक्टरांना ठरवू द्या, एवढेच मागणे आहे. कळव्याच्या खाटांचा जाब मागायचा तर सत्तेकडे मागा. त्यासाठी पारलिंगींचा हक्क गहाण कशाला?

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार: चेहरा कशाला बदलायचा, समाज बदला. ठाण्याच्या पारलिंगी कार्यकर्त्या लक्ष्मी नारायण त्रिपाठी पारलिंगींच्या हक्कांच्या ज्या नालसा खटल्यात सहभागी होत्या, त्यात सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये ओळखीसाठी शस्त्रक्रियेची सक्ती बेकायदा ठरवली. म्हणजे नको म्हणायचा हक्क आहेच. हवी म्हणणारीचे काय? डबा बदलेल तेव्हा बदलेल, तिला उद्याची गाडी पकडायची आहे. शिवाय सगळा त्रास डब्यातच होतो असे नाही. घरी आरशासमोर ती एकटीच असते.

सरसकट मंजुरी मात्र नको. व्यक्ती सज्ञान असावी, मानसोपचारतज्ज्ञ आणि सर्जन यांनी तपासून लेखी कारण द्यावे आणि भुवईचे हाड, जबडा, कंठमणी अशी शस्त्रक्रियांची यादी ठरलेली असावी. त्यापलीकडे कुणाला अधिक देखणे दिसायचे असेल, तर तो खर्च ज्याचा त्याने करावा. "कुठे उतरणार?" हा प्रश्न कानावर पडावा, एवढ्यासाठी जो खर्च येतो, तो विम्याने द्यावा.