धरणं बांधणाऱ्यांनी लिहायला हवं

दर १५ सप्टेंबरला अभियंता दिन येतो. विश्वेश्वरय्यांच्या फोटोला हार घालतात, खडकवासल्याच्या स्वयंचलित दारांची गोष्ट पुन्हा एकदा सांगून होते, चहा-बिस्किटं होतात आणि मंडळी घरी जातात. आता एक साधा प्रश्न. कोयना धरण कोणी बांधलं? आमच्या सातारा-सांगलीकडं कुणालाही विचारून बघा. "सरकारनं" हे उत्तर ठरलेलं. फार तर एखाद्या मुख्यमंत्र्याचं नाव येईल. इंजिनिअरचं नाव शंभरात एकालाही सांगता येणार नाही.

याचं वाईट वाटून घ्यावं का? मला वाटतं, घ्यावं. पण मानपान चुकला म्हणून नव्हे. कारण वेगळं आहे, त्याकडं येतोच.

आमच्या नात्यात एक काका पाटबंधारे खात्यात होते. सगळी नोकरी धरणांवर. दर तीन-चार वर्षांनी बदली, पत्र्याच्या छपराचं क्वार्टर, मुलांच्या शाळा अर्धवट, आणि काकूंचा संसार कायम दोन ट्रंकांत. लग्नकार्यात काका भेटले की लोक एकच विचारायचे, "काय, यंदा धरण भरलं का?" ते हसून "भरलं भरलं" म्हणायचे, विषय संपायचा. चाळीस वर्षांत त्यांनी काय काय ठरवलं, कशावर सही केली, कशाला नाही म्हणाले, हे आम्ही कुणी विचारलं नाही. ते गेले तेव्हा ते सगळं त्यांच्याबरोबर गेलं. अशी घरं आपल्याकडं गावोगाव आहेत.

आता कोयनेचंच बघा. ही नदी महाबळेश्वरला उगम पावते, सह्याद्रीच्या कडेकडेनं दक्षिणेला येते आणि हेळवाकजवळ एकदम पूर्वेला वळून कराडला कृष्णेला मिळते. म्हणजे पाणी हक्कानं आमच्या सांगलीकडं येणारं. पण त्या वळणाच्या पश्चिमेला कडा थेट कोकणात उतरतो. पाणी बोगद्यातून तिकडं वळवलं की पोफळीला सुमारे पावणेपाचशे मीटरची धार मिळते. इतकी उंची पूर्वेकडं कुठून आणणार? म्हणून १९५४ मध्ये काम सुरू झालं, १९६२ मध्ये वीज निर्माण होऊ लागली, आणि टप्पे वाढत वाढत प्रकल्प १,९६० मेगावॅटपर्यंत गेला. मुंबई-पुण्याचे कारखाने या विजेवर वाढले.

आणि आमच्याकडं? जत, आटपाडी, कवठेमहांकाळ हे कायमचे दुष्काळी तालुके. त्यांच्यासाठी ताकारी, टेंभू, म्हैसाळ या उपसा योजना झाल्या. तिथं कृष्णेचं पाणी मोठमोठ्या पंपांनी टप्प्याटप्प्यानं वर चढवतात. गंमत बघा, डोंगराच्या पलीकडं पाणी खाली सोडून वीज करायची आणि अलीकडं वीज जाळून पाणी वर चढवायचं! यात कोणी मूर्ख होतं असं मी म्हणत नाही. लवादानं पश्चिमेला वळवायच्या पाण्यावर ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली, म्हणजे हिशेब झाला होता. पण त्या टेबलावर कोण काय म्हणालं, कोणत्या इंजिनिअरनं कोणता पर्याय मांडला आणि तो का मागं पडला, हे जाणून घ्यायला आम्हाला आवडेल. कारण भोगतोय ते आम्ही.

मग ११ डिसेंबर १९६७ ची पहाट. कोयनानगरच्या भूकंपात पावणेदोनशेच्या वर माणसं गेली. घरं पडली, पण धरण उभं राहिलं. भिंतीच्या वरच्या भागात भेगा मात्र पडल्या. मागच्या बाजूचा उतार जिथं एकदम बदलतो, त्याच पट्ट्यात. हा भाग भूकंपाचा नाही असं तेव्हा मानत असत आणि आराखड्यात धरलेलं भूकंपबळ त्याच बेतानं कमी होतं. नंतर भिंतीला आधार देऊन ती मजबूत केली. आज जगभरातले संशोधक धरणावर भूकंपाचा परिणाम काय होतो याची गणितं करतात तेव्हा कोयनेचा नमुना हमखास घेतात. त्या थंडीत भेगा मोजणाऱ्या, पाणी किती खाली आणायचं हे ठरवणाऱ्या माणसांना काय वाटत असेल? इंग्रजी शोधनिबंधांत सगळे आकडे आहेत. मराठीत ती माणसं फारशी सापडत नाहीत.

अभिमानाच्या गोष्टीही आहेतच. १३ मार्च १९९९ ला कोयनेत लेक टॅपिंग झालं. जलाशय रिकामा न करता खालून बोगदा खणत न्यायचा, शेवटी खडकाचं एक बूच ठेवायचं आणि ते सुरुंगानं उडवून पाणी आत घ्यायचं! २०१२ मध्ये ते पुन्हा केलं. दोन्ही वेळा आपलेच इंजिनिअर होते.

पण दिव्याखाली अंधारही आहे. शिवसागर भरला तेव्हा पाटण-जावळीकडची गावं उठली. त्या वेळी पुनर्वसनाचा कायदाच नव्हता, तो राज्यात १९७६ मध्ये आला. २०१८ मध्ये, म्हणजे धरण होऊन पन्नास वर्षं उलटल्यावर, कोयनेचे विस्थापित कोयनानगरला ठिय्या देऊन बसले होते. भिंतीचा प्रत्येक घनमीटर मोजमाप पुस्तकात लिहिला गेला. माणसांचं मोजमाप कोणत्या पुस्तकात होतं?

आता ते कारण. ज्याला नाव नसतं त्याला शाबासकी मिळत नाही, तसा कोणी जाबही विचारत नाही. "सरकारनं बांधलं" म्हटलं की दोन्ही संपतं. २०१९ च्या महापुरात सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं. तेव्हा गल्लीगल्लीत एकच वाद होता, दारं आधी का उघडली नाहीत? ऑगस्टमध्ये धरणात जागा रिकामी ठेवली आणि पाऊस रुसला तर उन्हाळ्यात पिण्याचे हाल. भरून ठेवलं आणि पाऊस कोसळला तर सांगली पाण्यात. हा पेच काय असतो ते दाराशी बसून रात्र काढलेला माणूसच सांगू शकेल. पुढं शासनानं निवृत्त अभियंता नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, म्हणजे शेवटी जुनं अनुभवी माणूसच शोधावं लागलं.

पण समितीचा अहवाल किती जण वाचतात? म्हणून वाटतं, या लोकांनी स्वतः लिहावं, आपल्या भाषेत. पराक्रमाचं लिहाच, पण फसलेल्या अंदाजांचं, दबावाचं, उठवलेल्या गावांचंही लिहा. नाहीतर धरणाची बाजू घेणारे आणि विरोध करणारे दोघंही ऐकीव गोष्टींवर भांडत राहणार.

तुमच्या घरी असे कुणी निवृत्त आजोबा, मामा, काका असतील तर एक करा. "धरण भरलं का?" एवढंच विचारून थांबू नका. वही द्या, नाहीतर मोबाईलवर रेकॉर्ड करा. पहिला प्रश्न मी सुचवतो: "तुम्ही नाही म्हणायला हवं होतं आणि म्हणाला नाहीत, असं कधी झालं का?"

बहुतेक थोडा वेळ कोणीच बोलणार नाही. थांबा. घाई करू नका.