साठ वर्षे कागदावर राहिलेला कायदा



नागरी स्वातंत्र्याचा विषय निघाला की चर्चा थेट दिल्लीला पोहोचते. या हक्कांची राखण मात्र बरीचशी राज्य सरकारच्या हाती असते आणि हयगयही तिथेच होते, हे आपल्या जिल्ह्याने पाहिले आहे. शनिशिंगणापूरच्या शनिदेवाच्या चौथऱ्यावर जायला स्त्रियांना मज्जाव होता. नोव्हेंबर २०१५ मध्ये एक महिला चौथऱ्यावर गेली, तर शुद्धीकरण करण्यात आले. पुढे विद्या बाळ आणि ॲड. नीलिमा वर्तक उच्च न्यायालयात गेल्या, तेव्हा त्यांनी कुठला नवा हक्क मागितला नाही. हिंदूंच्या सार्वजनिक पूजास्थानांत प्रवेशाची हमी देणाऱ्या, तत्कालीन मुंबई राज्याच्या १९५६ च्या कायद्याकडे त्यांनी बोट दाखवले. प्रवेश अडवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद त्यात आहे. १ एप्रिल २०१६ रोजी न्यायालयाने सरकारला अंमलबजावणीची जबाबदारी बजावली. तरी दुसऱ्याच दिवशी चौथऱ्यावर प्रवेशासाठी आलेल्या आंदोलक महिलांना शिंगणापुरात अडवले गेले. अखेर ८ एप्रिलला, पाडव्याच्या दिवशी, देवस्थानाने चौथरा सर्वांना खुला केला.

यावर कोणी म्हणेल, रूढी हा श्रद्धेचा प्रश्न आहे, सरकारने त्यात पडू नये. पण सार्वजनिक हिंदू धर्मस्थळे सर्व वर्गांना खुली करण्याचा अधिकार राज्यघटनेच्या कलम २५ नेच राज्याला दिला आहे. १९५६ चा कायदा जातिभेदाविरुद्ध होता, स्त्रियांसाठी नव्हता, असाही आक्षेप आहे. मंदिरप्रवेशाच्या लढ्यातून तो आला, हे खरेच. पण लिंगभेद खपवून घेणार नाही आणि कायदा पूर्णपणे राबवू, ही भूमिका सरकारनेच न्यायालयात मांडली. चौथरा आंदोलनामुळे खुला झाला, कायद्यामुळे नव्हे, हा मुद्दा अधिक वजनदार आहे. तरीही कायद्याचा आधार नसता, तर आंदोलकांची मागणी हट्ट ठरली असती आणि पोलिसांना बघ्याची भूमिका घेणे सोपे गेले असते.

म्हणून दोष कायद्याच्या उणिवेपेक्षा तो न राबवण्याचा अधिक आहे. जुलै २०१७ पासून सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा राज्यात लागू आहे. जातपंचायतींच्या जाचातून सुटण्याचा तो मार्ग आहे. त्याचीही तीच गत होऊ नये. या दोन्ही कायद्यांखाली किती तक्रारी आल्या, किती गुन्हे नोंदले आणि पुढे काय झाले, याचा तालुकावार तपशील जिल्हाधिकारी व पोलीस अधीक्षकांनी दरवर्षी जाहीर करावा. हक्क मिळवण्यासाठी प्रत्येक वेळी नागरिकाला मुंबईच्या न्यायालयाची पायरी चढावी लागत असेल, तर जिल्हा प्रशासन कशासाठी आहे?

— एक वाचक, अहिल्यानगर